बावीस चित्रपटांची उतरंड

पत्र असं आहे :

‘मी युनिफॉर्म शिवण्याच्या कारखान्यात काम करते. घरात तेलुगू, बाहेर मराठी. गेल्या चार महिन्यांत २२ चित्रपट पाहिले. चार थिएटरात, बाकीचे टीव्हीवर आणि मोबाईलवर. त्यात ‘कोर्ट’ आहे, ‘आरआरआर’ आहे, ‘फँड्री’, ‘तुंबाड’, ‘कांतारा’, ‘पॅरासाइट’, टीव्हीवर पुन्हा लागलेला ‘अशी ही बनवाबनवी’ आणि व्ही. शांतारामांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’सुद्धा. कारखान्यातल्या मैत्रिणी म्हणाल्या, आवडीप्रमाणे नंबर लावून दे, आम्ही वरून बघत येतो. तीनदा यादी केली, तिन्ही वेळा वेगळी झाली. दहापैकी गुण देऊन पाहिले तर सोळा चित्रपटांना सात नाहीतर आठ पडले. ‘फँड्री’ मनातून जात नाही, पण पुन्हा बघायचं धाडस होत नाही. मग तो वर ठेवू की खाली? कोटणीसांचा चित्रपट पहिल्या पाचात घातला तर धाकटा भाऊ म्हणतो, सोलापूरचे म्हणून घातलास. आणि घरातल्या चौघांची मिळून एक यादी करायची तर कशी?’
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

ताई,

तीन याद्या वेगळ्या आल्या म्हणून तुमची आवड कच्ची ठरत नाही. तिन्ही वेळा तुम्ही स्वतःला निराळा प्रश्न विचारलात, म्हणून उत्तरं निराळी आली. एकदा मनात ‘कुठला चांगला बनवलाय’ असं होतं, एकदा ‘कुठला पुन्हा बघेन’, आणि तिसऱ्यांदा बहुधा ‘सध्या कुठला डोक्यात घोळतोय’. यादीला बसण्याआधी प्रश्न एकच ठरवायचा, कागदावर सगळ्यांत वर लिहायचा आणि शेवटच्या चित्रपटापर्यंत बदलायचा नाही. निम्मं काम तिथेच होतं.

प्रश्न निवडताना मात्र जपून. ‘पुन्हा बघेन का’ हा सोपा वाटतो, पण तो हलक्याफुलक्या चित्रपटांकडे झुकलेला असतो. ‘बनवाबनवी’ भाकरी थापताना, इस्त्री करताना, मधूनच कुठूनही लागला तरी बघता येतो. ‘फँड्री’ तसा बघता येत नाही. या प्रश्नावर यादी केली की हसवणारे सगळे वर सरकतात. ‘मनात किती राहिला’ हा प्रश्न उलटीकडे झुकतो. ज्याने त्रास दिला तो मनात राहतोच, मग तो चांगला असो की नसो. एखादा अंगावर येणारा प्रसंग आठवडाभर डोळ्यांपुढून हलला नाही म्हणजे तो चित्रपट आवडला असं होत नाही. आणि ‘कुठला महत्त्वाचा’ असं विचारलं की पुरस्कार, परीक्षणं, शेजारपाजारचे लोक सगळे आत शिरतात आणि तुमची आवड दाराबाहेर राहते.

आम्ही सुचवतो तो प्रश्न असा : समोर दोन चित्रपट आहेत. यांतल्या एकाची आठवण उद्या सकाळी पुसली जाणार, पाहिला होता हेही आठवणार नाही. कुठला राखाल?

या प्रश्नापुढे विनोदी आणि गंभीर दोघांना सारखी संधी मिळते. एखादा चित्रपट तुम्ही त्यातल्या मजेसाठी राखाल, एखादा त्यातल्या ओझ्यासाठी. ‘कोर्ट’ आणि ‘आरआरआर’ एका यादीत कसे बसतात, याचंही उत्तर इथेच आहे. दोघांत ‘जास्त चांगला कुठला’ हे ठरवायला माप नाही, पण ‘जाऊ द्यायचा कुठला’ हे तुम्हाला दोन-चार क्षणांत कळतं. आणि ‘फँड्री’चं म्हणाल, तर पुन्हा न बघवणं हे त्याच्या विरुद्ध धरूच नका. चित्रपटाच्या शेवटी भिरकावलेला तो दगड आठवणीतून गेलेला चालेल का, एवढंच विचारा. चालणार नसेल तर तो वरच आहे.

आता गुणांविषयी. सोळा चित्रपटांना सात-आठ पडले यात तुमची चूक नाही. आपल्याकडे गुण म्हटले की शाळा आठवते. शंभरात ३५ ला पास, त्यामुळे दहात चार म्हणजे काठावर, तीन म्हणजे नापास. बरा वाटलेल्या चित्रपटाला कुणी नापास करत नाही आणि दहा देणं उधळेपणाचं वाटतं. उरतात सहा, सात, आठ. म्हणजे दहा पायऱ्यांची शिडी दिसायला, चढता येतात तीनच पायऱ्या. शिवाय एकेकटी गोष्ट जोखताना माणसाला साधारण सातच्या आसपासच पायऱ्या नीट वेगळ्या ठेवता येतात, असं जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९५६ च्या गाजलेल्या निबंधात दाखवलं होतं. त्याच्या पुढची बारीक वाटणी हाताबाहेर जाते. आणखी एक गोची म्हणजे पहिल्या महिन्यात दिलेले आठ आणि चौथ्या महिन्यात दिलेले आठ एक नसतात. मधे तुम्ही पंधरा चित्रपट पाहिलेले असतात आणि मोजपट्टीच ताणली गेलेली असते. दोन चित्रपट शेजारी ठेवले की पट्टीची गरजच उरत नाही.

घरात साठलेल्या लग्नपत्रिका घ्या. जाड कागद असतो, मागची बाजू कोरी असते. पत्त्याच्या पानाएवढे २२ तुकडे कापा. प्रत्येकावर नाव मोठ्या अक्षरात, आणि खाली बारीक अक्षरात पाच गोष्टी : कधी पाहिला, कुठे पाहिला (थिएटर, टीव्ही, मोबाईल), कुठल्या भाषेत, एका बैठकीत की तुकड्यांत, आणि पहिल्यांदा की पुन्हा. ही टिपणं शोभेची नाहीत. नंतर दोन चित्रपटांत अडलात की अडण्याचं कारण बहुतेक वेळा याच पाच ओळींत सापडतं.

त्यातल्या काही कार्डांना स्पर्धेतून बाहेर काढावं लागेल. अर्ध्यात सोडलेला चित्रपट यादीत येत नाही. तो नावडला म्हणूनच सोडला असेल तर त्याची ‘सोडलेले’ अशी वेगळी नोंद ठेवा. दिवसभर मशीनवर बसून घरी आल्यावर रात्री साडेअकराला सुरू केलेला आणि मधे डोळा लागलेला चित्रपटही बाहेर. तो तुम्ही पाहिलेलाच नाही. ‘बनवाबनवी’च्या कार्डाच्या कोपऱ्यात एक ठिपका द्या. १९८८ पासून घराघरांत पाठ झालेला चित्रपट आणि परवा पहिल्यांदा पाहिलेला चित्रपट यांची जोडी लावली की एकाच्या बाजूने वीस-पंचवीस संध्याकाळी बोलतात आणि दुसऱ्याच्या बाजूने एकच. ठिपकेवाल्यांची निराळी छोटी यादी करा. अगदी एकत्रच हवी असेल तर सगळ्यांत शेवटी त्यांना मोठ्या यादीत घाला.

पडद्याचा फरक किती पडतो हे बघायचं तर ‘तुंबाड’ घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा चित्रपट पाऊस, कंदील आणि तळघरातल्या काळोखावर उभा आहे. दुपारी खिडकी उघडी ठेवून मोबाईलवर पाहिला तर पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो आणि निम्मी दृश्यं काळीकुट्ट जातात. मग माणूस ‘काही कळलं नाही’ म्हणतो आणि कार्ड खाली सरकतं. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चं निराळं आहे. त्यात कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबतो आणि माणसं चौकटीत आपापलं काम करत राहतात. मधेच फोन वाजला, एक मेसेज वाचला, की परत येईपर्यंत ‘काहीच घडलं नाही’ असं वाटतं. घडत तेच असतं, नजर हललेली असते. तुमच्या कार्डांवर या दोघांपुढे ‘मोबाईल, तुकड्यांत’ असं लिहिलेलं असेल तर त्यांना आत्ता नंबर देऊ नका. ‘पुन्हा पाहायचे’ म्हणून बाजूला ठेवा. रात्री दिवा मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, टीव्हीवर एका बैठकीत बघा आणि मग यादीत घ्या. थिएटरचाच हट्ट नाही, अंधार आणि सलग दोन तास एवढं पुरतं.

भाषेची ओळ तर सोलापुरात सोडताच येत नाही. एकाच कारखान्यात एक जण चित्रपट तेलुगूत बघतो, दुसरा हिंदीत, अक्कलकोटकडचा तिसरा कन्नडमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिघं भांडतात. प्रत्यक्षात तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी पाहिलेल्या असतात, कारण आवाज हा अभिनयाचा निम्मा भाग आहे. ‘पुष्पा’ (२०२१) हिंदीत पाहिला तर अल्लू अर्जुनच्या चेहऱ्याला आवाज श्रेयस तळपदेचा आहे. हिंदी ‘बाहुबली’त प्रभासचा आवाज शरद केळकरचा आहे. दोघांनी कामं उत्तम केली आहेत, पण जोखताना तुम्ही दोन माणसांची मिळून झालेली एक भूमिका जोखत असता. तुम्हाला घरची तेलुगू आहे, तेव्हा ‘आरआरआर’ तेलुगूतच पाहिला असेल तर तसं लिहा. ‘कांतारा’ हिंदीत पाहिला असेल तर कार्डावर ‘कांतारा (हिंदी)’ लिहा. मूळ चित्रपट कर्नाटकच्या किनारपट्टीच्या बोलीतला आहे, विजापूरकडची कन्नड कानावर असलेल्यालाही ती निराळी लागते. ‘पॅरासाइट’ कोरियन आहे. सबटायटल वाचत पाहिला असेल आणि तेही पाच-सहा इंची पडद्यावर, तर डोळे खालच्या ओळीवरच गेले आणि घर बघायचं राहिलं. त्या चित्रपटात घराचे जिने, खिडक्या, वर-खाली हेच तर सगळं सांगतात.

थिएटरातल्या चार चित्रपटांना उलटा धोका आहे. सोलापूरच्या भागवत थिएटरात भरलेल्या गर्दीत, शिट्ट्यांत पाहिलेला चित्रपट आठवणीत चार पायऱ्या वर बसतो. ती मजा खोटी नाही आणि ती वजा करायचं कारण नाही, तुमच्या आठवणीचा तो भाग आहे. फक्त जोडी लावताना एकदा स्वतःला विचारा, राखायचाय तो चित्रपट की ती संध्याकाळ? संध्याकाळच असेल तर ती डायरीत लिहून ठेवा आणि कार्ड एक घर खाली आणा.

नवा चित्रपट पाहिल्यावर सात दिवस त्याला यादीत घ्यायचं नाही. काल रात्री पाहिलेला चित्रपट आज सकाळी पहिल्या तिनात असतोच, कारण बाकीचे फिके झालेले असतात आणि हा अजून ओला असतो. लोणच्यासारखं आहे, मुरल्याशिवाय चव घ्यायची नाही. पण पाहिल्या रात्री दोन ओळी मात्र लिहायच्या, त्याही शेवटाबद्दल नकोत. शेवट आपोआप आठवतो आणि बाकीच्यावर सावली धरतो. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काह्नमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग केला. लोकांनी एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात धरला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या ३० सेकंदांत पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत आणलं. पुन्हा कुठलं कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेलं दुसरं निवडलं, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. चित्रपटात हेच होतं. दीड तास कंटाळवाणा आणि शेवटची वीस मिनिटं जोरदार असेल तर ‘भारी होता’ म्हणत आपण बाहेर पडतो.

यावर आपल्या चित्रपटांतच एक सोय आहे, मध्यंतर. मध्यंतराला मोबाईलवर एक ओळ लिहा : आत्तापर्यंत काय धरून ठेवलं? परदेशी चित्रपटांना मध्यंतर नसतं, थिएटरवाले वाटेल तिथे तोडतात. तरी ओळ लिहा, घरी पाहत असाल तर साधारण एका तासाच्या ठोक्याला. नंतर दोन चित्रपटांत अडलात की आधी मध्यंतराच्या ओळी समोरासमोर ठेवा, पाहिल्या रात्रीच्या नंतर.

आता प्रत्यक्ष क्रम. २२ चित्रपटांची प्रत्येकाशी प्रत्येकाची जोडी लावायची तर २३१ जोड्या होतात. तेवढ्या लावू नका, पन्नासाव्या जोडीनंतर माणूस काहीही उत्तर देतो. आधी तीन ढीग करा : ‘राखायचाच’, ‘मधला’, ‘गेला तरी चालेल’. एका कार्डावर पाच सेकंदांहून जास्त वेळ घालवायचा नाही, अडलं की मधल्या ढिगात. ढीग सारखे व्हायला हवेत असं नाही. धरून चालू की ६, १० आणि ६ झाले.

शेवटच्या ढिगाला क्रम देऊच नका. सतरावा की अठरावा यावर डोकं शिणवून काही हाती लागत नाही. तो ढीग अक्षरांच्या क्रमाने लावा आणि रबर बँड लावून ठेवून द्या.

वरच्या ढिगात एकेक कार्ड शिरवत जा. पहिलं खाली ठेवा. दुसऱ्याची पहिल्याशी जोडी, तो वर की खाली ठरलं. तिसऱ्यापासून युक्ती वापरा : लागलेल्या ओळीच्या मधल्या कार्डाशी आधी जोडी लावायची. ओळीत सात कार्डं असतील तर नव्या कार्डाला पहिला सामना चौथ्याशी. जिंकलं तर दुसऱ्याशी, हरलं तर सहाव्याशी. मग एकच जोडी उरते आणि जागा सापडते. सात कार्डांत आठ जागा, प्रश्न तीन. या हिशेबाने सहांच्या ढिगाला जास्तीत जास्त ११ प्रश्न लागतात, दहांच्या ढिगाला २५. एकूण ३६. एका बैठकीत १२ पुरे, म्हणजे तीन संध्याकाळी. ढीग न करता बावीसच्या बावीस या युक्तीने लावले तर ७९ पर्यंत जातात, तेव्हा ढिगांची पायरी गाळू नका. दोन्ही ढीग लागले की एक तपासणी करा : वरच्या ढिगातलं शेवटचं कार्ड आणि मधल्यातलं पहिलं यांची जोडी लावा. उलट उत्तर आलं तर अदलाबदल करा आणि दोघांना आपापल्या नव्या ओळीत पुन्हा जागा शोधू द्या.

करताना एक गोष्ट होऊ शकते : ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला हरवलं, आणि ‘क’ची ‘अ’शी जोडी लावली तर ‘क’ जिंकला. गोल फिरलात. घाबरू नका. होतं असं की पहिल्या जोडीत तुम्ही गोष्ट पाहिलीत, दुसऱ्यात गाणी, तिसऱ्यात पोट धरून हसलेला एखादा प्रसंग. प्रश्न न सांगता बदलला. तिघांची कार्डं शेजारी ठेवा, वर लिहिलेला प्रश्न मोठ्याने वाचा आणि एकच विचारा : या तिघांतला आधी कुठला जाऊ द्याल? तो खाली गेला की उरलेल्या दोघांचं सोपं असतं. तरीही तिढा सुटला नाही तर तिघांना एकच क्रमांक द्या. बरोबरी ठेवणं हे हरणं नाही, खोटा फरक दाखवण्यापेक्षा ते जास्त खरं आहे.

भाऊ म्हणतो ते निम्मं बरोबर आहे. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. भैय्या चौकातून जाताना त्यांचं नाव दिसतंच. त्यांच्याविषयीचा आदर चित्रपट लावायच्या आधीपासून मनात आहे. म्हणून ही चाचणी करा : १९४६ च्या त्या चित्रपटातली तीन दृश्यं लिहा. शांताराम स्वतः कोटणीसांच्या भूमिकेत आहेत, जयश्री त्यांच्या चिनी पत्नीच्या, चिंग लानच्या. त्यांचा एखादा चेहरा, एखादी हालचाल, एखादा प्रसंग कुठे कसा घेतलाय असं काही आठवतं का? आठवलं तर तो पाचात राहू दे, भावाला ती तीन दृश्यं दाखवा. जे आठवलं ते शाळेत शिकलेलं, स्मारकात वाचलेलं असेल, तर तुम्ही डॉक्टरांना नंबर दिलाय, चित्रपटाला नाही. आवाजाची खरखर आणि पुसट झालेली प्रत यांसाठी मात्र खाली आणू नका, तो दोष प्रतीचा आहे.

‘फँड्री’ही आपल्याच जिल्ह्यातल्या माणसाचा. नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. पण इथे आपलेपण चौकटीच्या आत आहे. ती उजाड माळरानं, ती बोली, ते ऊन पडद्यावरच दिसतं. ओळखीचं ऊन पाहून आत काही हललं असेल तर ते चित्रपटानेच केलं. बाहेरचा अभिमान बाजूला ठेवायचा, आतली ओळख मोजायची.

आणि मान. तुमच्या दुसऱ्या यादीत ‘कोर्ट’ पहिला होता असं आम्हाला वाटतं, कारण कुणी बघणार आहे म्हटल्यावर हात आपोआप तसा जातो. मान द्यायचाच असेल तर त्याची वेगळी जागा करा : यादीच्या शेजारी एक रेघ मारून ‘आवडला नाही, पण मोठा आहे’ असं लिहा आणि तिथे दोन-तीन नावं मोकळेपणाने ठेवा. मोठमोठ्या याद्यांचं दडपण घेऊ नका. ‘साइट अँड साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. १९६२ ते २००२ असा सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’ पहिला आला, २०१२ मध्ये ‘व्हर्टिगो’, आणि २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त जणांच्या मतांतून शांताल अकरमन यांचा ‘झान दिलमान’. त्या कौलात प्रत्येकाने दहा नावं द्यायची असतात आणि दहांनाही एकेकच मत, आतला क्रम धरतच नाहीत. आयुष्यभर चित्रपट बघणाऱ्यांनाही ‘तुमचा चौथा कुठला आणि पाचवा कुठला’ असं कुणी विचारत नाही. तुम्ही त्याहून अवघड काम करताय.

घरच्या चौघांचं. चौघांनीही पूर्ण पाहिलेले चित्रपटच घ्या. समजा असे नऊ निघाले. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर क्रम लावायचा आणि कागद घडी करून एकाच वेळी उघडायचे. आधी बोलून लावला तर सगळे मोठ्या आवाजाच्या मागे जातात. पहिल्याला ९, दुसऱ्याला ८, शेवटच्याला १, आणि बेरीज करा. फ्रान्समधल्या बोर्दा या गणितज्ञाने अठराव्या शतकात सुचवलेली ही रीत आहे. तिची खोट माहीत असू द्या : तुमचा लाडका चित्रपट पाडायला भाऊ मुद्दाम त्याला नववा नंबर देऊ शकतो. असा वास आला तर प्रत्येक चित्रपटाचा सगळ्यांत वरचा एक आणि खालचा एक नंबर काढून टाका आणि मधल्या दोघांच्या गुणांची बेरीज घ्या. घराची यादी आणि तुमची यादी जुळणार नाही, जुळवूही नका.

मैत्रिणींना द्यायची यादी मात्र निराळी हवी. त्या वरून बघत येणार आहेत, आणि तुमच्या आवडीचा क्रम हा बघण्याचा क्रम नव्हे. पहिलाच ‘फँड्री’ आणि दुसरा ‘कोर्ट’ लागला तर दिवसभर शिवून थकलेली बाई तिसऱ्याला हात लावणार नाही. त्यांना वरच्या ढिगातले सहाच द्या, प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहून : कुठल्या भाषेत बघावा, साधारण किती वेळ लागतो, आणि मुलांसोबत चालेल का. भारी चित्रपट रविवारसाठी, हलका कामाच्या दिवसासाठी, असं सांगा. ‘तुंबाड’पुढे ‘रात्री, दिवा मालवून’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ झालं.

पुढचं सोपं आहे. नवा चित्रपट आला, सात दिवस झाले की मधल्या कार्डापासून शिरवायचा. यादी ३१ चित्रपटांची होईपर्यंत नव्याला जागा शोधायला पाचांहून जास्त प्रश्न लागत नाहीत. तीन महिन्यांनी यादी न बघता शेजारशेजारच्या पाच जोड्या भावाला वाचून दाखवायला सांगा आणि पुन्हा उत्तरं द्या. चार किंवा पाच तशाच आल्या तर यादी पक्की. दोन किंवा जास्त उलटल्या तर त्या जोड्यांना एकच क्रमांक द्या.

सुरुवात आज करायची तर ‘आरआरआर’ आणि ‘फँड्री’ यांची दोन कार्डं आधी कापा. तुमच्या पत्रात सगळ्यांत जास्त ओढाताण याच दोघांसारख्यांत दिसते. दोघांतला कुठला राखायचा हे मोठ्याने म्हणा, का राखायचा ते एका ओळीत कार्डाच्या पाठीवर लिहा. ती ओळ पुढच्या सगळ्या जोड्यांना उपयोगी पडेल. तिसरं कार्ड उद्या कापा.